शब्दचर्चा : डोंगरओढ्यातल्या छोट्या शिंगाळ्याला काय म्हणावं?

शाळेसाठी गोदावरी आणि दारणेच्या माशांचं भित्तिपत्रक करते आहे. एका माशाच्या नावापाशी अडलंय. बोटभर लांबीचा, बिनखवल्यांचा, मिशा असलेला, खळाळत्या पाण्यात दगडाला धरून राहणारा. शास्त्रीय नाव ग्लिप्टोथोरॅक्स. कोणी 'मार्जारमीन' सुचवलं, कोणी 'मळ्या', तर कोणी 'चूषक मासा'. कोणतं लिहू?

– ताई, 'मार्जारमीन' नका लिहू. 'कॅटफिश' या इंग्रजी नावाचं शब्दशः संस्कृत केलंय, मासळीबाजारात कुणी तो शब्द उच्चारत नाही. मिशावाल्या, बिनखवल्यांच्या माशाला आपल्याकडे शिंगाळा, शेंगाळा, शिंगटा म्हणतात. शब्दात शिंग आहे, आणि पाठीवरच्या परातला (पोहायच्या पंखातला) टणक काटा ज्याच्या बोटात एकदा घुसलाय त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. कर्नल सायक्स या इंग्रज लष्करी अधिकारी-निसर्गअभ्यासकाने १८३९मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा सीनघाला, मुल्या, खुद्री ही नावं त्याने इथल्या बोलीतूनच उचलली. तुमच्या माशाची 'लोनाह' ही जातही त्यानेच नोंदवली. शास्त्राने आपले शब्द घेतले, ते आपणच टाकून द्यावेत हे मला पटत नाही.

– 'मळ्या' मात्र चूकच. सायक्सचा 'मुल्या' तो हाच, पण तो रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याला खवले असतात आणि हनुवटीखालच्या चकतीने तो दगड धरतो. ग्लिप्टोथोरॅक्सची पकड छातीवर असते. मासा हलकेच उलटा केला की दोन्ही छातीपरांच्या मधे कातडीच्या लांबट घड्या दिसतात, नांगरलेल्या वावरातल्या तासांसारख्या. त्या घड्यांवर शिंगासारखे कठीण, अतिसूक्ष्म काटे असतात, ते दगडाच्या खरबरीत पृष्ठभागात अडकतात. शास्त्रीय नावाचा अर्थही 'कोरीव छातीचा' असाच आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी अशा वेगवान धारेतल्या माशांच्या शरीररचनेवर १९२२मध्ये लिहिलं, पुढे १९३८मध्ये याच माशाची 'पूनाएन्सिस' ही जात वर्णिली.

– मग 'चूषक'ही बाद. चूषक म्हणजे शोषून धरणारा, इथे मुख्य काम घर्षणाचं. 'चिकटतो' म्हटलं तर मुलांना डिंक आठवेल. 'दगड धरून राहतो' हेच क्रियापद ठेवा.

– सर, ताई, मनापासून आभार. 'धारेतला शिंगाळा' लिहिते, खाली शास्त्रीय नाव देवनागरीत.

– छान. 'धार' शब्द मुद्दाम ठेवा, कारण या माशाचं सगळं जगणंच वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यावर चालतं. 'गोदावरीत आढळतो' एवढ्यावर थांबू नका, नाहीतर मुलं त्याला गंगापूर धरणाच्या फुगवट्यात शोधतील. तिथे पाणी थबकतं, तळाशी गाळ बसतो, आणि धरायला उघडा दगडच उरत नाही. 'त्र्यंबक-इगतपुरीकडचे खडकाळ ओढे' असं लिहा. आणि छापण्याआधी तिकडच्या भोई किंवा ठाकर मंडळींना चित्र दाखवा. त्यांच्या तोंडी वेगळं नाव असेल तर तेच मोठ्या अक्षरात घ्या, आमचं कंसात.

– चालेल. चित्र उलट्या माशाचं काढते, म्हणजे छातीच्या घड्या दिसतील.