मदत हवी आहे: टर्मिनलवर ऑडेशस ऐकतो, क्रॉनमधून ऐकत नाही

गावभागकर:
नमस्कार. सांगलीत गावभागातल्या एका मंदिरात जुना पीसी आहे. २ जीबी रॅम, डेबियन लिनक्स, एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप, इंटरनेट नाही. त्यावर ऑडेशस हा गाणी वाजवणारा प्लेअर टाकला आहे. पहाटे ५ वाजता काकड आरतीचं रेकॉर्डिंग आपोआप लागावं आणि ६ ला थांबावं, पुजारीबुवांना माऊसला हात लावावा लागू नये. टर्मिनलमध्ये 'ऑडटूल प्लेबॅक-प्लेपॉज' दिलं की लगेच वाजतं. तीच ओळ क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) घातली की काहीच नाही. लॉगमध्ये मात्र कमांड चालल्याची नोंद दिसते. काय राहतंय?

कृष्णाकाठ:
ऑडटूल स्वतः काही वाजवत नाही. ते चालू असलेल्या ऑडेशसला डी-बसवरून (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या वाटेवरून) निरोप देतं, आणि ती बस कुठे आहे हे क्रॉनला माहीतच नसतं. क्रॉन डेस्कटॉपच्या सेशनबाहेर चालतो, त्यामुळे त्याच्याकडे तुमच्या सेशनचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे बसच्या पत्त्यासारख्या सेटिंग्ज, येत नाहीत.

आधी टर्मिनलमध्ये 'आयडी -यू' द्या. पहिल्या यूझरचा आकडा बहुतेक १००० येतो. मग त्याच यूझरने, सुडो न लावता, 'क्रॉनटॅब -ई' उघडून वेळेच्या ओळींच्या वर दोन ओळी घाला. पहिली: एक्सडीजी_रनटाइम_डिर = /रन/यूझर/१०००. दुसरी: डीबस_सेशन_बस_ॲड्रेस = युनिक्स:पाथ=/रन/यूझर/१०००/बस. आकडा थेट लिहायचा. क्रॉनटॅबमधल्या या ओळींत डॉलर किंवा कंसातली कमांड उलगडली जात नाही, इथे बरेच जण अडकतात.

टर्मिनलमध्ये हाच डीबसचा पत्ता 'इको' करून पाहा. त्यात /टीएमपी दिसत असेल तर तो दर लॉगिनला बदलणार. मग 'डीबस-यूझर-सेशन' पॅकेज पेनड्राइव्हवरून बसवून पुन्हा लॉगिन करा.

आता कमांड. प्लेपॉज क्रॉनमध्ये कधीच नको. कोणी आधीच लावून ठेवलं असेल तर ५ वाजता तेच बंद पडेल. एका स्क्रिप्टमध्ये क्रमाने 'प्लेबॅक-स्टॉप', 'सेट-व्हॉल्यूम ४०', 'प्लेलिस्ट-जंप १', 'प्लेबॅक-प्ले' ठेवा. आधी स्टॉप दिलं की काल कोणी काही पॉजवर सोडलेलं असलं तरी अडचण नाही. ६ साठी नुसतं 'प्लेबॅक-स्टॉप'. स्क्रिप्टला 'सीएचमॉड +एक्स' द्या, म्हणजे ती चालवता येईल.

पहाटेपर्यंत थांबू नका. दोन मिनिटं पुढची वेळ टाका आणि ओळीच्या शेवटी एरर एका फाइलमध्ये वळवा, म्हणजे काय अडलं ते लिहिलेलं सापडेल.

गावभागकर:
दादा, वाजलं! मनापासून आभार. पण लाइट जाऊन आली की पीसी बंदच राहतो, आणि चालू केल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं.

अजिंक्यतारा:
मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात मिळतो. इंटरनेट असतं तर वेळ आपोआप जुळली असती. तुमच्याकडे सगळी भिस्त या सेलवरच. तो बदलून बायोसमध्ये तारीख-वेळ लावा, आणि तिथेच वीज परतल्यावर पीसी सुरू होण्याचा पर्याय 'पॉवर ऑन' वर ठेवा.

मशीन उठलं तरी लॉगिन झालेलं नसेल तर /रन/यूझर/१००० हे फोल्डरच नसतं. म्हणून लाइटडीएममध्ये (लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ऑटोलॉगिन करा आणि ऑडेशस ऑटोस्टार्टला टाका. पडद्यावर ऑडेशसची खिडकी नको असेल तर 'ऑडेशस --हेडलेस', जुन्या मशीनला तेच बरं.

आणि एक. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बाहेर भोंगा चालत नाही. ५ वाजता आवाज सभामंडपाच्या आतल्या स्पीकरवरच ठेवा.

टर्मिनलवाला:
ऑडेशसऐवजी एमपीडी (मागे चालणारा प्लेअर) आणि त्याला हुकूम देणारं 'एमपीसी' घेतलं तर डी-बसचा प्रश्नच येत नाही, कारण एमपीसी ६६०० पोर्टवरून बोलतं. पण तिथे वेगळी पंचाईत असते. डेबियनवर एमपीडी स्वतःच्या यूझरने चालतो, त्याला होम फोल्डरमधली गाणी वाचता येत नाहीत, आणि डेस्कटॉपने साउंड कार्ड धरलं असेल तर 'डिव्हाइस बिझी' येतं. एका आरतीसाठी आता बदलू नका. पुढेमागे सभामंडपातल्या मोबाइलवरून आवाज कमी-जास्त करायचा असेल, तेव्हा नक्की विचार करा.