डोळ्यांखालच्या पिशव्या: एकदाच शस्त्रक्रिया, की दरवर्षी सुया?

विश्रामबागकर

पन्नाशीच्या आसपास डोळ्यांखाली खरोखरची पिशवी आली असेल, तर तिच्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे आणि तो एकदा करून मोकळं व्हावं, असं माझं ठाम मत आहे. लग्नसराई जवळ आली की सांगली-मिरजेत 'कापाकापी नाही, तासाभरात घरी' अशा सुईने भरायच्या फिलरच्या जाहिराती दिसायला लागतात. आमच्या शाळेतल्या दोघीतिघी सध्या त्याच वाटेवर आहेत. मुलीच्या लग्नात आपणही ताजंतवानं दिसावं ही इच्छा अगदी रास्त आहे. पण पिशवी असताना फिलर भरून घेणं मला पटत नाही, म्हणून हा धागा.

डोळ्याच्या गोळ्याभोवती चरबीची गादी सगळ्यांनाच असते. तिला आत धरून ठेवणारा एक पातळ पडदा असतो. वय वाढतं तसा तो सैल पडतो आणि खालच्या पापणीतली चरबी पुढे येते. ही चरबी कुठल्याही क्रीमने, मसाजने किंवा थंड चमच्याने परत आत जात नाही. फिलर म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडची जेल. ती पिशवीला हात लावत नाही, पिशवीच्या खालचा खड्डा भरते, त्यामुळे पिशवी कमी जाणवते. वर्ष-दीड वर्षात परिणाम ओसरला की पुन्हा सुई. पाच वर्षांचा खर्च मांडून बघा, मग शस्त्रक्रिया महाग वाटणार नाही.

आणि शस्त्रक्रिया म्हटलं की लोक घाबरतात, पण बाहेरून कापावंच लागतं असं नाही. पापणीच्या आतल्या बाजूने चरबी काढता येते किंवा खालच्या खड्ड्यात सरकवून बसवता येते. बाहेर व्रण दिसत नाही. फ्रान्समधल्या बूर्गे नावाच्या सर्जननी ही आतली वाट १९२४ मध्येच मांडली होती, म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाही. मी स्वतः करून घेतलेली आहे आणि समाधानी आहे.

घरच्या घरी बघायचं असेल तर दिवसा खिडकीसमोर आरसा धरा. मान न हलवता फक्त नजर वर न्या. फुगवटा वाढला तर ती चरबी असण्याची शक्यता जास्त. सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत कमी होत असेल तर ती सूज आहे, आणि तिचं कारण शोधायला फिजिशियनकडे जावं. थायरॉइड किंवा किडनीच्या दुखण्यातही डोळे असे सुजतात.

मिरजेचा चष्मेवाला

ताई, पिशवी म्हणजे काय ते तुम्ही नीट सांगितलंत. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्मा देणारा. आमच्याकडे येणाऱ्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये डोळे कोरडे असणाऱ्या खूप असतात. पाळी गेल्यावर हा त्रास वाढतो. अशा डोळ्याच्या खालच्या पापणीवर शस्त्रक्रिया झाली आणि पापणी एखादा मिलिमीटर जरी खाली ओढली गेली, तरी काही वेळा डोळा पूर्ण मिटत नाही. मग रात्री मलम, दिवसा थेंब, आणि पंख्याखाली बसलं की चुरचुर. पापणी बाहेर वळली तर दुसरी शस्त्रक्रिया. हे रोज होत नाही, पण ज्याला होतं त्याचं आयुष्य बदलतं.

'एकदा करून मोकळं व्हावं' हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर बिघडलं तर ते विरघळवणारं इंजेक्शन आहे, हायलुरोनिडेज. काढून टाकलेली चरबी परत घालायला असा सोपा मार्ग नाही. जास्त काढली गेली तर डोळे खोल जातात आणि माणूस उलट म्हातारा दिसतो.

शस्त्रक्रिया करूच नये असं मी म्हणत नाही. पण आधी दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत. एक, खालची पापणी चिमटीत धरून पुढे ओढायची आणि सोडायची. डोळा न मिचकावता ती पटकन जागेवर बसली तर ठीक. रेंगाळली तर ती सैल आहे, आणि मग सर्जनला डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला आधाराचा टाका घालावा लागू शकतो. दुसरी, अश्रूंची. फिल्टर पेपरची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसवतात. पट्टी दहा मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर शंका घ्यायची, पाचपेक्षा कमी म्हणजे डोळा बऱ्यापैकी कोरडा. जाहिरातीतल्या किती ठिकाणी ही पट्टी असते ते विचारून बघा.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याची, वय अडतीस. मला पिशवी नाही, खड्डा आहे. आईलाही तसाच होता. दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे जाणारी घळ, आणि बँकेत काउंटरवर बसल्यावर रोज कुणीतरी विचारणार, "मॅडम, बरं नाही का?" मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञांकडून फिलर करून घेतलं. दुसऱ्या दिवशी थोडं काळंनिळं होतं, आठवड्याने मी कामावर नेहमीसारखी होते. आता ते वाक्य ऐकू येत नाही. माझ्या वयात, चरबी पुढे आलेली नसताना, कुणी मला शस्त्रक्रिया सांगितली असती तर ते चूक ठरलं असतं.

तेव्हा सरसकट 'सुया नकोत' म्हणू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डोळ्यांखालच्या खड्ड्यासाठी म्हणून एका फिलरला २०२२ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये आणखी एकाला. म्हणजे याला वैद्यकीय आधार आहे.

विश्रामबागकर

@अजिंक्यतारा, तुमच्याशी माझं भांडणच नाही. मी पहिल्याच ओळीत 'पिशवी' म्हटलंय. नुसता खड्डा असेल तर फिलर योग्यच.

पण फिलर परत विरघळवता येतं म्हणून ते निर्धोक, ही समजूत मला घातक वाटते. त्याच अमेरिकी प्रशासनाने २०१५ मध्ये इशारा दिला होता की चेहऱ्यात भरताना फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते, पक्षाघातही होऊ शकतो. क्वचित होतं, पण गेलेली दृष्टी बहुतेक वेळा परत येत नाही. तिथे विरघळवण्याचं इंजेक्शन हाताशी असलं तरी वेळ अगदी थोडा असतो. शिवाय डोळ्यांखालची त्वचा सगळ्या शरीरात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. जेल वरवर राहिली तर निळसर झाक दिसते. ती पाणी धरते, म्हणून ज्यांना आधीच सूज आहे त्यांची सूज वाढते. आणि 'वर्षभरात जातं' म्हणतात ते तरी कुठे पूर्ण खरं आहे? एमआरआयमध्ये कित्येक वर्षांनीही फिलर तिथेच असल्याचं दिसलेलं आहे. दरवर्षी त्यावर भर घालत गेलं की चेहरा फुगीर दिसायला लागतो.

@मिरजेचा चष्मेवाला, तपासण्यांचं शंभर टक्के मान्य. माझ्याही झाल्या होत्या. पण त्या नीट झाल्या असतील तर मग अडचण काय?

तासगावचा द्राक्षवाला

आमच्या मंडळींचा प्रश्न येगळाच हाय. पिशवी न्हाई, खड्डा न्हाई, नुसतं काळं पडलंय. जानेवारीपासनं द्राक्षाचा माल काढायचा, मग बेदाण्याच्या शेडवर उभं ऱ्हायाचं, ऊन आणि धूळ. डोळं चोळायची सवय लय जुनी. तासगावात एकानं लेजर सांगितलं, सांगलीत एकानं सुई सांगितली. औषधाच्या दुकानातनं गोरं करायची क्रीम आणली ती लावली तर पंधरा दिस बरं वाटलं, मग लालच झालं. कुणाचं ऐकायचं?

कृष्णाकाठची डॉक्टर

त्वचारोग हा माझा विषय आहे, म्हणून दादांना आधी उत्तर देते. ती क्रीम आजच बंद करा आणि ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. अशा गोरेपणाच्या मिश्र क्रीममध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला रंग उजळतो, नंतर त्वचा पातळ होते, शिरा दिसायला लागतात. डोळ्यांजवळ ते महिनोन्महिने लावलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, काचबिंदू आणि मोतीबिंदूपर्यंत जाऊ शकतं. वहिनींचा डोळ्यांचा दाबही एकदा तपासून घ्या.

काळेपणा रंगद्रव्याचा असेल तर त्यावर ना शस्त्रक्रिया चालते ना फिलर. आपल्याकडे हा प्रकार घराण्यातून येतो, उन्हाने वाढतो, चोळण्याने वाढतो. ॲलर्जीची खाज असेल तर आधी तिचं औषध. मग रुंद काठाची टोपी, गॉगल, सनस्क्रीन, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए गटातलं मलम) किंवा व्हिटॅमिन सी, हळूहळू. महिने लागतात. लेझरची घाई अजिबात नको. आपल्या सावळ्या त्वचेवर लेझर जोरात मारला की भाजल्याजागी आणखी काळा डाग पडतो आणि तो जायला वर्ष जातं. द्राक्षाच्या हंगामात, रोज उन्हात असताना तर नाहीच.

आता मूळ वादावर. मी सुया टोचणारी आहे, तरी विश्रामबागकरांच्या बाजूने बोलते. मोठी पिशवी घेऊन आलेल्या पेशंटला मी फिलर देत नाही, सर्जनकडे पाठवते. काही जणी नाराज होऊन दुसरीकडे टोचून घेतात आणि सुजलेले डोळे घेऊन परत येतात. पण शस्त्रक्रियेनेही सगळं सुटतं असं नाही. बारीक सुरकुत्या राहतात, त्यांना हलकं पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणं) किंवा लेझर लागतं. हसताना कोपऱ्याला पडणाऱ्या रेषांना बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, त्याचा परिणाम तीन-चार महिने. आणि पिशवीच्याही खाली, गालाच्या हाडावर जो पाणी भरल्यासारखा फुगवटा येतो, तो पापणीच्या शस्त्रक्रियेने सहसा जात नाही. हे आधी सांगितलेलं नसलं की पेशंटला फसवणूक वाटते.

जुना सांगलीकर

सगळ्यांचं वाचलं. मला एक विचारायचं आहे. निरोगी डोळ्याशेजारी सुई किंवा सुरी न्यायचीच कशाला? माझ्या बायकोच्या डोळ्यांखाली पिशव्या आहेत. तिने दोन मुलं वाढवली, सासूचं आजारपण काढलं, २०१९ च्या महापुरात अख्खं घर चिखलातून बाहेर काढलं. तो चेहरा मला कमी वाटत नाही. आजारावरच्या उपचारावर सरकार जीएसटी घेत नाही, सौंदर्याच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के घेतं, विमा कंपनी पैसे देत नाही. म्हणजे हा आजार नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे. मग शाळेतल्या बाईंना, आयांना हे करावंसं वाटावं असं वातावरण कोण तयार करतंय, यावर कुणी बोलत का नाही?

विश्रामबागकर

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते. वहिनींना नको असेल तर नकोच, त्यावर कुणी बोलायचं कारण नाही. पण त्यांना हवं असेल तर? तुम्हाला तो चेहरा कमी वाटत नाही हे फार छान आहे, पण आरशात त्या बघतात. केस काळे करणाऱ्या पुरुषाला आपण 'हा आजार आहे का' असं विचारत नाही. मी बावन्नाव्या वर्षी वर्गात उभी राहायचे तेव्हा मुलं विचारायची, "बाई, रडलात का?" रडले नव्हते. मला ते बदलायचं होतं, माझ्या पगारातून मी बदललं. वातावरणाचं तुमचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच मी जाहिरातींविरुद्ध लिहिते आहे. बाईच्या निर्णयाविरुद्ध नाही.

जुना सांगलीकर

पुरुषांच्या केसांचा मुद्दा मान्य. बाकी माझं मत कायम आहे. केस रंगवण्यात डोळा जात नाही.

मिरजेचा चष्मेवाला

@विश्रामबागकर, 'मग अडचण काय' याचं उत्तर राहिलं होतं. अडचण अशी की तपासण्या नीट होऊनही धोका शून्य होत नाही. क्वचित डोळ्याच्या मागे रक्तस्राव होतो आणि त्याने नजर जाऊ शकते. तो बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत होतो. वाढत जाणारं जोरात दुखणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, अंधूक दिसणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. म्हणून जत, आटपाडीकडून येणाऱ्यांनी पहिली रात्र मिरजेतच काढावी. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून लांबलांबचे लोक शस्त्रक्रियेसाठी मिरजेला येतात आणि इथेच मुक्काम करतात. ती पद्धत याही बाबतीत पाळावी.

आणि सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जन किंवा पापण्यांचं वेगळं शिक्षण घेतलेले ऑक्युलोप्लास्टीचे डॉक्टर बघा. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का तेही तपासा. ब्युटी पार्लरमध्ये फिलर टोचून घेऊ नका, कितीही ओळखीचं असलं तरी.

कुपवाडची लेक

माझ्या आईसाठी विचारते. वय एकसष्ट, पिशव्या मोठ्या आहेत, तिची स्वतःची इच्छा आहे. वैशाखात भावाचं लग्न आहे. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि गुडघ्यांसाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेते. बसेल का वेळेत?

कृष्णाकाठची डॉक्टर

ताई, हृदयाची गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही. ती थांबवता येते का आणि किती दिवस, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी आपसात बोलून ठरवायचं. थांबवता येत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार सोडा. हळदीच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई हे सगळं सर्जनला आठवणीने सांगा, त्यानेही रक्तस्राव वाढू शकतो. भाजीतल्या हळदीने काही होत नाही.

वेळेचं म्हणाल तर काळंनिळं दोनेक आठवड्यांत जातं, पण उरलेली सूज उतरून डोळे नैसर्गिक दिसायला दोन-तीन महिने धरा. आत्ता तेवढा वेळ हातात नसेल तर लग्न होऊ द्या आणि पावसाळ्यात करा, तेव्हा ऊनही कमी असतं. लग्नापुरतं म्हणून घाईने फिलर भरून घेऊ नका. त्यांच्या वयात, मोठ्या पिशवीवर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसह ते मी तरी करणार नाही.

मिरजेचा चष्मेवाला

आणि अश्रूंची पट्टी लग्नाआधीच करून घ्या. डोळे कोरडे निघाले तर थेंब आत्तापासून सुरू करता येतील.