तिसऱ्या क्रुसेडमधली समलिंगी प्रेमकादंबरी: रस घेऊन कशी वाचावी?

फलाट_दोन:
दादरच्या आमच्या वाचनगटाने पुढच्या महिन्यासाठी एक इंग्रजी ऐतिहासिक कादंबरी घेतली आहे. काळ ११८९ ते ११९२, म्हणजे जेरुसलेम परत घेण्यासाठी युरोपातल्या ख्रिस्ती राजांनी काढलेल्या तिसऱ्या क्रुसेड मोहिमेचा. नायक दोन: एक टेंप्लर (शपथ घेतलेल्या ख्रिस्ती लढवय्यांच्या संघातला) सरदार आणि त्याचे घोडे-हत्यारं सांभाळणारा स्क्वायर. प्रेमकथा धरून ठेवते, पण राजे, बंदरं, तह यांच्या गर्दीत धागा सुटतो. आधी किती इतिहास माहीत हवा? या दोघांना नेमकी भीती कशाची असेल? आणि लेखकाचा अभ्यास आहे की नुसता देखावा, हे कशावरून ओळखायचं? बहुतेक जण लोकलमध्ये वाचतात, तेव्हा जाडजूड ग्रंथ नकोत.

तटबंदी:
तारखा मोजक्याच पुरतात. ४ जुलै ११८७ला हत्तीनच्या लढाईत इजिप्त-सीरियाच्या सुलतान सलाउद्दीनने जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचं सैन्य मोडलं, २ ऑक्टोबरला शहरही घेतलं. १२ जुलै ११९१ला आक्रे बंदर क्रुसेडरांच्या हाती आलं. २ सप्टेंबर ११९२ला याफाचा तह झाला आणि जेरुसलेम सलाउद्दीनकडेच राहिलं. मोहिमेचं काय होणार हे एवढ्यात कळतं, मग सगळं लक्ष त्या दोघांकडे देता येतं.

आक्रेच्या वेढ्याची प्रकरणं मात्र घाईत उलटू नका. ऑगस्ट ११८९मध्ये क्रुसेडरांनी शहर वेढलं आणि काही दिवसांतच सलाउद्दीनच्या फौजेने बाहेरून त्यांनाच घेरलं. आत शत्रूचं शहर, बाहेर शत्रूची फौज, मध्ये ही छावणी, आणि असं जवळजवळ दोन वर्षं. ११९०-९१च्या हिवाळ्यात जहाजं येईनात, उपासमार आणि रोगराईने माणसं मेली. पळायला वाट नाही, आडोसा नाही. प्रेमकथेला याहून घट्ट जागा मिळणं कठीण. सलाउद्दीनच्या पदरचा बहाउद्दीन लिहितो की लढाई थंडावली की दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलत, गात, नाचत. तेव्हा पलीकडच्या छावणीतल्या कुणाशी मैत्री दाखवली असेल, तर ती हवेतली समजू नका.

दिवा_तेवता:
टेंप्लरला आधी धाक असतो तो स्वतःच्या संघाचा. ११२९मध्ये फ्रान्समधल्या त्र्वाच्या धर्मसभेत त्यांची नियमावली ठरली: ब्रह्मचर्य, आज्ञापालन, स्वतःची मालमत्ता नाही. झोपतानाही सदरा आणि चोळणा अंगात हवा, शयनगृहात रात्रभर दिवा तेवता हवा. पुढे वाढवलेल्या नियमांत पुरुषाशी संग हा संघातून कायमचं काढून टाकण्याचा गुन्हा ठरला. तुमच्या कादंबरीत मठातल्या काळोख्या शयनगृहात भेट होत असेल, तर लेखकाने नियमावली उघडलेलीच नाही.

जेरुसलेमच्या राज्यात ११२०मध्ये नाब्लुस गावी भरलेल्या धर्मगुरू-सरदारांच्या सभेने अशा संबंधाला जाळून मारण्याची शिक्षा लिहिली होती. त्यातच एक फट होती: आरोप होण्याआधी स्वतःहून कबुली देऊन प्रायश्चित्त घेतलं, तर पहिल्या वेळी माफी. पुन्हा तेच घडलं, तर राज्याबाहेर. म्हणून कबुलीचा प्रसंग आला की थांबून वाचा. एकाच्या कबुलीने दुसरा उघडा पडू शकतो, आणि चांगला लेखक तिथेच दोघांना कसाला लावतो.

स्क्वायरकडे विशेष लक्ष द्या. नियमावली सरदाराला तीन घोडे आणि एक स्क्वायर देते. पुण्यासाठी विनामोबदला सेवा करणाऱ्या स्क्वायरला मारू नये, असंही ती बजावते. म्हणजे मारहाण होत असणारच. स्क्वायरने सरदारासारखी आजन्म शपथ घेतलेली नसते, तो निघून जाऊ शकतो. पण जेवण-कपड्याला तो त्याच्यावरच अवलंबून. ही दरी ज्या कादंबरीला दिसत नाही, तिच्यातलं प्रेम मला पटत नाही.

फलाट_दोन:
हे फार उपयोगी. सरायीत एकच बिछाना मिळतो, असं एक प्रकरण आहे. शिवाय मोहिमेवर आलेला इंग्लंडचा राजा रिचर्डही 'तसाच' होता, असं एक पात्र सांगतं.

कडी_कडी:
त्या काळी प्रवासात बिछाना वाटून घेणं नेहमीचं होतं, तेवढ्यावरून कुणाला संशय येत नसे. त्या प्रकरणातला ताण शपथेतून यायला हवा. रिचर्डचं म्हणाल, तर रॉजर ऑफ हाउडन हा इतिवृत्तकार ११८७बद्दल लिहितो की रिचर्ड आणि फ्रान्सचा फिलिप एका ताटात जेवत आणि एका बिछान्यात झोपत. आजचे अनेक इतिहासकार त्यात दोन घराण्यांच्या राजकीय मैत्रीचं जाहीर प्रदर्शन बघतात. पात्राने कुजबूज म्हणून सांगितलं तर चालेल, लेखकाने सिद्ध सत्य म्हणून मांडलं तर नाही.

अभ्यास तपासायचा तर चिलखत उतरवण्याचा प्रसंग काढा. छातीवरच्या पत्र्याचे पट्टे सोडताना दाखवलं, तर लेखक निदान शंभर वर्षं पुढे गेला. तेव्हा चिलखत असे ते लोखंडी कड्यांचं, साधारण १० ते १५ किलोचं. हनुवटीजवळची नाडी सोडायची, कमरेत वाकून हात पुढे सोडायचे, की ते स्वतःच्या वजनाने डोक्यावरून घसरतं; बाह्या दुसऱ्याने ओढाव्या लागतात. आत घामाने भिजलेली जाड, शिवलेली बंडी. स्क्वायरचं रोजचं काम हेच, त्यामुळे जवळीक लिहायला लेखकाला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही.

दुसरी खूण: ७ सप्टेंबर ११९१, अर्सूफची लढाई. टेंप्लर आघाडीला होते, फळी मोडून आधी तुटून पडले ते पिछाडीचे हॉस्पिटलर, म्हणजे टेंप्लरांसारख्याच दुसऱ्या संघाचे सरदार. तुमचा नायक त्या पहिल्या धडकेत असेल, तर तो तिथे कसा पोचला हे कादंबरीने सांगायला हवं.

गटात ३७७ कलमाचा विषय निघेलच. जरूर बोला, पण ते १८६०च्या दंडसंहितेतलं कलम, ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने संमतीच्या संबंधांपुरतं गेलेलं, आणि २०२४मध्ये त्या दंडसंहितेबरोबर पूर्णच गेलेलं. बाराव्या शतकातला माणूस 'मी पाप केलं' असं म्हणेल. 'मी समलिंगी आहे' हा विचार त्याच्या डोक्यात येणार नाही. पात्र आजच्या भाषेत स्वतःची ओळख सांगू लागलं, तर तिथे पेन्सिलीने खूण करा.

तटबंदी:
एक राहिलं. २० ऑगस्ट ११९१ला रिचर्डने आक्रेच्या बाहेर सुमारे २७०० कैदी मारवले. तुमचे दोघे त्या दिवशी कुठे आहेत, आणि रात्री एकमेकांशी काय बोलतात? चर्चेला हाच प्रश्न पहिला घ्या. लेखकाने तो दिवस गाळून थेट पुढच्या कूचला उडी मारली असेल, तर तेही गटात बोलायला हवं.