फॉरमॅट मारण्याआधी झाकण उघडा

पीसी आपोआप बंद पडण्याच्या तुमच्या प्रश्नावर आधीच्या उत्तरात विंडोज नव्यानं टाकायचा सल्ला दिलाय, तो आत्ता मानू नका. गेम किंवा व्हिडिओ रेंडर चालू असतानाच पीसी फटकन बंद होतो, विंडोजच्या बिघाडाचा निळा स्क्रीनही येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पहिला संशय उष्णतेवर, दुसरा एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजची घटनांची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद यंत्र नीट बंद झालं नव्हतं एवढंच सांगते, त्यावरून कारण ठरवू नका.

सोलापुरात, त्यातून यंत्रमागांच्या भागात राहत असाल, तर बाजूचं झाकण काढाच. इथल्या धुळीत सुताचे तंतू असतात. प्रोसेसरवरचा पंखा काढला की खाली हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर राखाडी गादी बसलेली दिसते. पंखा वरून छान फिरतो, हवा मात्र आत जातच नाही. प्लग काढून ब्लोअर मारा, पंखा बोटानं धरून ठेवा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळून खपली झाली असेल तर पुसून नवीन लावा. मग एचडब्ल्यूमॉनिटर या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर लोडचं, म्हणजे गेम किंवा रेंडर चालू असतानाचं, प्रोसेसरचं तापमान बघा. १०० अंशांच्या आसपास जात असेल तर दुखणं तिथंच आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर असताना तर नक्कीच.

तापमान ७०-७५ च असेल तर ओळखीच्या कुणाचा पुरेशा वॅटचा एसएमपीएस लावून बघा. जुना मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरचा जीवघेणा झटका बसू शकतो.

ग्राफिक्स कार्ड कोणतं आणि एसएमपीएस किती वॅटचा, तेवढं कळवा.