मदत हवी आहे : बाबांच्या ‘आरएल’विषयी

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. बाबा पायदळातून निवृत्त झाले. त्यांच्या खांद्यावर असायची ती ८४ मिमीची स्वीडिश कार्ल गुस्ताफ, म्हणजे खांद्यावरून डागायची रणगाडाविरोधी तोफ. ते तिला ‘आरएल’, म्हणजे रॉकेट लाँचर म्हणतात. त्यांच्या आठवणी लिहून काढतोय आणि इथेच अडलोय. १९४२ चा अमेरिकी बझूका रॉकेटच सोडायचा, पण ही तर रिकॉइललेस : बार उडाला की वायू मागून सुटतो, म्हणून खांद्याला फारसा धक्का बसत नाही. मागे कुणी उभं राहायचं नाही, हे बाबा आजही दरडावून सांगतात! मग ‘रॉकेट लाँचर’ हे नाव कसं रुजलं? ‘रिकॉइललेस’ला मराठीत काय लिहू? ठाणे-कळव्यात कुणी माजी सैनिक असतील तर बाबांना घेऊन भेटायला येईन. बाबा ७६ वर्षांचे आहेत, जरा लवकर कळवा.