सलादीनने टायर तेवढं का सोडलं?

चहाबिस्कीट: मंडळी, सध्या क्रुसेड्स, म्हणजे जेरुसलेमसाठीची ख्रिश्चन-मुस्लिम युद्धं, वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. ४ जुलै ११८७ ला हत्तीनला सलादीनने, म्हणजे इजिप्त-सीरियाच्या सुलतानाने, जेरुसलेमच्या ख्रिश्चन राज्याची अख्खी फौज पाण्यावाचून तडफडवून संपवली, राजा गी स्वतः कैद, मग एकर, जाफा, बैरूत, अस्कलान धडाधड पडले आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम पण. मग हे टायर, म्हणजे आजच्या लेबनॉनमधलं बंदर, कसं काय राहिलं? पुढे सगळं शेकलं ते तिथूनच ना?

निवांत: नकाशा बघ आधी. टायरला तिन्ही बाजूंनी समुद्र, जमिनीकडून फक्त एक चिंचोळी पट्टी, ती पण अलेक्झांडरने वेढ्यासाठी भराव टाकला होता त्याची. त्यात जुलैमधेच काँराड नावाचा इटालियन सरदार जहाजाने तिथे उतरला आणि सगळा कारभार हातात घेतला. त्याचा म्हातारा बाप हत्तीनला पकडला गेलेला, सलादीनने त्याला तटासमोर आणून सौदा करून बघितला पण हा पठ्ठ्या हलला नाही. सलादीन नीट वेढा घालायला आला तो नोव्हेंबरात, म्हणजे थंडी पाऊस चिखल, आणि डिसेंबरअखेर त्याच्या दहा गलबतांपैकी पाच टायरवाल्यांनी रात्रीत पळवली. मग उठवला वेढा.

पुस्तककिडा: हे बरोबर पण मुळात चूक सलादीनचीच. प्रत्येक शहराला अभय द्यायचं, शिबंदी सुखरूप बाहेर सोडायची, आणि ते सगळे जाणार कुठे तर टायरला! म्हणजे शत्रूचा किल्ला यानेच माणसांनी भरला. इब्न अल-अथीर या इतिहासकाराने त्या काळातच हे तोंडावर मारलंय. वर ११८८ मधे गी ला पण सोडला, लढणार नाही अशी शपथ घेऊन, आणि त्यानेच ऑगस्ट ११८९ मधे टायरहून निघून एकरला वेढा घातला.

चहाबिस्कीट: अथीर मोसुलचा ना? तिथल्या राज्यकर्त्या झंगी घराण्याच्या बाजूचा. त्यांचं दमास्कस आणि अलेप्पो सलादीननेच गिळलं होतं, तेव्हा तो थोडं तिखटमीठ लावणारच 😀

पुस्तककिडा: लावू दे की, मुद्दा खोटा ठरत नाही.

निवांत: अरे पण अभय दिलं म्हणूनच दरवाजे उघडले ना भराभर. एकेक शहर लढून घ्यायचं तर वर्षं गेली असती, आणि त्याची फौज काही बारमाही पगारी नव्हती, बरेचसे अमीर इक्तावर म्हणजे जहागिरीसारख्या वसुलीवर जगणारे, हंगाम संपला की घरची ओढ. टायरच्या वेढ्यात हेच लोक परत चला म्हणून मागे लागले होते. आणि तो मऊ होता असंही नाही, हत्तीननंतर रेनाल्ड या क्रुसेडर सरदारावर स्वतः तलवार चालवली, टेंपलर आणि हॉस्पिटलर या लढाऊ धर्मसंघांच्या कैद्यांची तर कत्तलच. पैसा म्हणशील तर हातात टिकायचाच नाही, मेला तेव्हा खजिन्यात सत्तेचाळीस दिरहम (चांदीची नाणी) आणि एक सोन्याचं नाणं, असं त्याच्या पदरच्या बहाउद्दीनने लिहून ठेवलंय. आता अशा माणसाने हिवाळाभर वेढा कशाच्या जोरावर चालवायचा?

पुस्तककिडा: हे पैशाचं मान्य. पण गी ला सोडणं मला अजून पचत नाही. एकर दोन वर्षं झुंजून जुलै ११९१ मधे सलादीनच्या हातून गेलं, आणि ११९२ च्या तहात टायरपासून जाफापर्यंतचा किनारा क्रुसेडरांकडेच राहिला. जेरुसलेम तेवढं राखलं.

चहाबिस्कीट: म्हणजे हातातोंडाशी आलेला घास. ते सोन्याचं नाणं पण टायरचंच होतं म्हणे 🙈