५३३ सेन्सरचा कूल्ड कॅमेरा: रिंगा आणि तापमान

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
ताऱ्यांचे फोटो काढायला १५०/७५० न्यूटोनियनला (१५० मिमी आरशाची, ७५० मिमी फोकल लेंथची दुर्बीण) ५३३ सेन्सरचा (सोनी IMX533) रंगीत कूल्ड कॅमेरा, म्हणजे सेन्सर थंड ठेवणारा, लावायचा आहे. कोमा करेक्टरला (कडेचे तारे नीट करणारं भिंग) सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर लागतं. मधल्या अंतर भरणाऱ्या रिंगा कशा जुळवू? एप्रिलमध्ये रात्री पारा २८-३० वर असतो, तेव्हा सेन्सर किती थंड ठेवू?

उत्तर १
सेन्सर कॅमेऱ्यात १७.५ मिमी आत असेल, तर पुढे १६.५ आणि २१ मिमीच्या रिंगा लावा, झाले ५५. मधे २ मिमी जाड फिल्टर आला तर आणखी साधारण ०.७ मिमी वाढवा. कोपऱ्यातले तारे बाहेरच्या दिशेने ओढल्यासारखे दिसले तर अंतर कमी पडतंय, मध्याभोवती वळल्यासारखे दिसले तर जास्त होतंय. एकच कोपरा बिघडत असेल तर रिंगा सोडवू नका, आधी कोलिमेशन (आरशांची जुळणी) आणि फोकसरचा ढिलेपणा बघा.

उत्तर २
कूलर हवेपेक्षा ३०-३५ अंशच खाली नेतो. उन्हाळ्यात उणे १० चा हट्ट धरलात तर तो १०० टक्क्यांवर अडकेल, तापमान स्थिर राहणार नाही आणि डार्क (झाकण लावून घेतलेले फोटो, सेन्सरचा नॉइज वजा करायला) जुळणार नाहीत. ० अंशावर ठेवा. डार्क त्याच तापमानाला, त्याच गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) आणि एक्सपोजरला घ्या. थंडीत खुशाल उणे १०, पण डार्कचा संच वेगळा.

वीज १२ व्होल्ट, ५ अँपिअरची. माउंटला (दुर्बीण फिरवणारा स्टँड) वेगळी लाइन द्या. तार लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेज पडतं, कूलर मधेच बंद होतो.

प्रश्नकर्ता
पावसाळ्यानंतर सेन्सरच्या काचेवर बाष्प धरलं तर?

उत्तर २
सेन्सर हळूहळू थंड करा. तरीही धरलं तर कॅमेऱ्यातली ओलावा शोषणारी सिलिका बदला.